डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये कोण? व्हिटेकर-बॅक्स्टर आणि बारगळलेला आरोग्य विमा

१९४९ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांमध्ये, रुग्ण नंबरची वाट बघत बसतात त्या खोलीत, एक चित्र लागलं. चित्र नवं नव्हतं. ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराने ते १८९१ मध्ये काढलेलं. दोन खुर्च्या जोडून त्यांवर आजारी मूल निजवलंय. शेजारी डॉक्टर बसलाय, हनुवटीवर हात ठेवून, नजर मुलावरून हलत नाही. दिव्याचा उजेड त्या दोघांवरच पडतो. मागच्या अंधारात आईने टेबलावर डोकं टेकलंय आणि बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. रात्र बहुधा कठीण गेलेली आहे. पोस्टरवर या चित्राच्या जोडीला एक ओळ छापली होती: ‘या चित्रात राजकारण येऊ देऊ नका.’

अशा सुमारे ६५,००० प्रती वाटल्या गेल्या. बिल, आकडे, कलमं, त्यांतलं काही नाही. तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलेल्या आईने ते बघायचं आणि मनातल्या मनात उत्तर द्यायचं.

आता त्याच चित्राकडे जरा तिरकस बघा. घर मजुराचं आहे. खुर्च्या एकमेकींना शोभत नाहीत, मुलाला स्वतःचा पलंगही नाही. रात्रभर उशाशी बसणाऱ्या डॉक्टरची फी या घराला कुठून परवडणार? राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन जी विमा योजना आणू पाहत होते ती नेमकी अशाच घरासाठी होती, आणि ती पाडण्यासाठी वापरायचं चित्रही त्याच घराचं. ही निवड ज्यांनी केली ते डॉक्टर नव्हते आणि पुढारीही नव्हते. क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर हे नवरा-बायको होते आणि निवडणुका जिंकून देणं हा त्यांचा धंदा होता.

धंद्याची सुरुवात

व्हिटेकर मूळचा वार्ताहर. सॅक्रामेंटोला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, तो लहानसहान वर्तमानपत्रांना विधिमंडळाच्या बातम्या पुरवत असे. बॅक्स्टरही आधी वर्तमानपत्रात, मग व्यापाऱ्यांच्या संघटनेत. १९३३ मध्ये सेंट्रल व्हॅलीतल्या धरण-कालव्यांच्या प्रकल्पावर सार्वमत झालं, त्यात दोघं प्रकल्पाच्या बाजूने एकत्र आले. समोर पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक ही बलाढ्य वीज कंपनी होती. यांच्या हातात ३९,००० डॉलर. सार्वमत यांनी जिंकलं, आणि वीज कंपनीने शहाणपणा दाखवून पुढे यांनाच आपल्या कामाला ठेवून घेतलं. ‘कॅम्पेन्स इनकॉर्पोरेटेड’ नावाची त्यांची कंपनी ही राजकीय सल्ला हाच धंदा करणारी पहिली कंपनी मानली जाते.

पुढच्याच वर्षी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. त्याला पाडायचं काम आल्यावर या दोघांनी त्याची पुस्तकं वाचून काढली. त्याच्या पात्रांच्या तोंडची वाक्यं उचलून ती सिंक्लेअरचीच मतं म्हणून लोकांपुढे ठेवली. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने तशी वाक्यं चौकटीत, पहिल्या पानावर, रोज छापली. सिंक्लेअर पडला. त्या अवतरणांचा मुद्द्याशी संबंध नव्हता, पण आम्हाला तो गव्हर्नर व्हायला नको होता, असं बॅक्स्टरने पुढे मोकळेपणाने सांगून टाकलं. ही कबुली लक्षात ठेवण्यासारखी आहे. खोटं बोलल्याचा पश्चात्ताप तिच्यात नाही, अवजार वापरल्याची नोंद आहे.

वॉरनचं विधेयक

अर्ल वॉरन १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. त्या निवडणुकीत त्याचा प्रचार याच जोडप्याने सांभाळला होता, पण संबंध बिघडले आणि परत जुळले नाहीत. १९४४ मध्ये वॉरनला मूत्रपिंडाच्या संसर्गाने इस्पितळात पडावं लागलं. मला हे परवडलं, पण साध्या पगारावरच्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार त्याच्या डोक्यात तिथे घुसला. जानेवारी १९४५ मध्ये त्याने सक्तीच्या आरोग्य विम्याची योजना मांडली: कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं, मालकाने तेवढंच घालायचं, डॉक्टर आणि इस्पितळाचं बिल त्यातून भागवायचं. वॉरन रिपब्लिकन पक्षाचा. डावा म्हणून त्याला कुणी हिणवलं नसतं.

कॅलिफोर्नियाच्या डॉक्टरांची संघटना हादरली. तिने वर्षाला २५,००० डॉलरवर व्हिटेकर-बॅक्स्टरना नेमलं.

या दोघांची एक पद्धत होती. काम हाती घेतलं की काही दिवस सगळं बंद करून बसायचं आणि प्रचाराचा आराखडा लिहायचा. मग दुसरा आराखडा लिहायचा, समोरच्या बाजूचा. आपण वॉरनचे सल्लागार असतो तर काय केलं असतं? माझ्या मते त्यांच्या कामातला सगळ्यात हुशार भाग हा आहे. घोषवाक्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण घोषवाक्य येतं या दुसऱ्या कागदातून. शत्रूच्या खुर्चीत बसून बघितलं की वॉरनचं बळ कशात आहे हे दिसतं: इस्पितळाच्या बिलाची भीती. ती खरी होती, घराघरात होती, आणि तिच्याविरुद्ध वाद घालून ती जाणार नव्हती.

मग काय करायचं? त्या भीतीशी भांडायचंच नाही. लोकांना दुसरा प्रश्न द्यायचा.

वॉरनचा प्रश्न होता: बिल कोण भरणार? व्हिटेकर-बॅक्स्टरनी विचारलं: तुम्ही आणि तुमचा डॉक्टर यांच्यामध्ये कोण बसणार? पहिल्या प्रश्नात डॉक्टर हा बिल पाठवणारा माणूस आहे. दुसऱ्यात तो तुमच्या बाजूचा आहे आणि त्याच्याआड एक कारकून येऊन बसतोय. योजनेला त्यांनी ‘राजकीय औषधोपचार’ असं नाव पाडलं. योजना तीच, पण आता तिच्यात सरकारी दारापुढची रांग आणि शिक्का मारणारा हात दिसायला लागला.

‘सक्तीचा’ या शब्दाचाही त्यांनी असाच उपयोग केला. शब्द खोटा नव्हता. विमा सगळ्यांना लागू होता, म्हणून सक्तीचा होता. पण सक्ती म्हटलं की माणूस आधी अंग चोरतो, सक्ती कशाची हे मागाहून विचारतो. तिच्यासमोर त्यांनी ‘ऐच्छिक’ ठेवला. लोकांना नुसतं ‘नको’ सांगून भागत नाही, ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणावं लागतं, हा त्यांचा पक्का नियम होता. म्हणून डॉक्टरांच्या संघटनेला त्यांनी खासगी, ऐच्छिक विम्याचा झेंडा हाती घ्यायला लावलं. यात गंमत अशी, की १९३० च्या दशकात देशातल्या डॉक्टरांची मध्यवर्ती संघटना या ऐच्छिक विम्याकडेही संशयानेच बघत होती. आता तोच विमा स्वातंत्र्याचं प्रतीक झाला. राज्यात ‘ऐच्छिक आरोग्य विमा सप्ताह’ साजरा झाला, ५८ पैकी ५३ परगण्यांमध्ये.

संपादकाच्या दारात

पण प्रश्न बदलला हे लोकांना सांगणार कोण? डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तर ते स्वतःच्या फीसाठी बोलतायत हे शेंबडं पोरही ओळखेल. बोलायला दुसऱ्याचं तोंड हवं होतं.

त्या काळात कॅलिफोर्नियात शेकडो लहान वर्तमानपत्रं होती. बहुतेकांचा कारभार मालक, संपादक आणि बातमीदार हे सगळं एकच माणूस असल्यासारखा. आठवड्याला पानं भरायची, जाहिराती मिळवायच्या, छपाई गाठायची. व्हिटेकर याच वाटेने वर आलेला, त्यामुळे अशा माणसाला बुधवारी रात्री काय कमी पडतं हे त्याला ठाऊक होतं. कमी पडतो तो मजकूर. म्हणून या जोडप्याने ‘कॅलिफोर्निया फीचर सर्व्हिस’ नावाची सेवा चालवली होती. दर आठवड्याला तयार अग्रलेख, बातम्या, व्यंगचित्रं फुकट घरपोच. कात्री लावा, छापा. त्यातला बराचसा मजकूर निरुपद्रवी असे, आणि म्हणूनच मधूनच येणारा उपद्रवी मजकूर सहज खपून जाई.

दुसरी सोय जाहिरातीची. कंपनीची स्वतःची जाहिरात एजन्सी होती. प्रचाराच्या जाहिराती तिच्यामार्फत जात आणि त्यांवर ती १५ टक्के कमिशन कापून घेई. म्हणजे डॉक्टरांकडून मेहनताना आणि वर हे कमिशन, दोन्हीकडून आवक. पण त्याहून महत्त्वाचं हे, की लहान पेपरच्या मालकाच्या हिशेबवहीत यांचं नाव नियमित येणाऱ्या रकमेशेजारी लिहिलेलं असे.

आणि मग भेट. यांची माणसं राज्यातल्या ५०० हून अधिक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत प्रत्यक्ष जाऊन आली. त्या भेटीत धमकी द्यायची गरज नव्हती. कुणी दिली असंही मी म्हणत नाही. जो माणूस तुम्हाला वर्षभर फुकट मजकूर आणि पैशाच्या जाहिराती देतो, तो खुर्ची ओढून बसतो, चहापाणी-हवापाण्याचं बोलतो आणि जाता जाता विचारतो, ‘या विम्याबद्दल तुमचं काय मत?’ बस्स.

व्हिटेकरने पुढे स्वतःच हिशेब मांडला. तीन वर्षांत सक्तीच्या विम्याला पाठिंबा देणारी वर्तमानपत्रं ५० वरून सुमारे २० वर आली. विरोध करणारी सुमारे १०० होती, ती ४३२ झाली. हा त्याचा आकडा आहे, म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या मालाचं सांगितलेलं वजन. थोडी घट धरा. तरी दिशा तीच राहते. शिवाय सॅक्रामेंटोतल्या आमदाराला राज्याचं मत कळतं ते त्याच्या मतदारसंघातल्या पेपरवरून. चारी बाजूंनी एकच सूर यायला लागला की तो सूर कुठून निघाला हे कोण शोधत बसतं?

वॉरनचं विधेयक एका मताने पडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केले, तेही फसले.

शिकागो

ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्येच काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव पाठवला होता. १९४८ ची निवडणूक ते सगळ्यांची भाकितं खोटी ठरवून जिंकले तेव्हा ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’च्या, म्हणजे देशातल्या डॉक्टरांच्या त्या मध्यवर्ती संघटनेच्या, पोटात गोळा आला. तिने प्रत्येक सदस्य डॉक्टरवर २५ डॉलरची पट्टी बसवली आणि वर्षाला १ लाख डॉलर मेहनताना देऊन व्हिटेकर-बॅक्स्टरना शिकागोला बोलावलं. मोहिमेचं नाव होतं ‘राष्ट्रीय शिक्षण मोहीम’. पहिल्या वर्षीचा खर्च १५ लाख डॉलरच्या घरात गेला. कायदेमंडळावर दबाव आणण्यासाठी तोवर कुणी एवढा पैसा ओतला नव्हता.

कॅलिफोर्नियाचंच सूत्र, मोठ्या मापाचं. फक्त शीतयुद्ध सुरू झाल्यामुळे शत्रू बदलला. तिथे पुढारी होता, इथे कम्युनिस्ट आला. प्रश्नोत्तरांच्या रूपातल्या एका पत्रकात विचारलं होतं, की सरकारी वैद्यकामुळे बाकीचं आयुष्यही समाजवादाकडे जाईल का? उत्तर: लेनिनला तसं वाटत होतं. आणि पुढे लेनिनचं म्हणून वाक्य, की हे वैद्यक म्हणजे समाजवादी राज्याच्या कमानीतली मधली शिळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे संसदेच्या ग्रंथालयाने, लेनिनच्या लेखनात शोधलं. वाक्य कुठेच सापडलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी कादंबरीतल्या पात्राचं वाक्य लेखकाच्या नावावर गेलं होतं. आता कुणाचंच नसलेलं वाक्य लेनिनच्या नावावर गेलं, आणि ते खोडून काढायला निघालेल्या माणसाला आधी लेनिनबद्दल बोलावं लागलं.

दुसऱ्याचं तोंड इथेही लागलंच. शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, महिलांच्या, माजी सैनिकांच्या संघटनांकडून विरोधाचे ठराव गोळा केले गेले. एकूण संख्या १,८०० च्या पुढे गेली. पत्रकं वाटली गेली ती डॉक्टरांच्या हातून. हा हात मला सगळ्यात परिणामकारक वाटतो. रुग्ण शर्टाची बटणं लावत असतो, तब्येत ठीक असल्याचं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडलेला असतो, आणि डॉक्टर चिठ्ठीबरोबर एक घडी घातलेला कागद पुढे करतो. त्या क्षणी त्या कागदाला कोण नाही म्हणेल?

पैसा शेवटी ओतायचा, हाही त्यांचा नियम. मतदानाच्या आधीच्या महिन्यासाठी तीनचतुर्थांश रक्कम राखून ठेवावी असं ते सांगत. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये, काँग्रेसच्या निवडणुकीच्या तोंडावर, दोन आठवड्यांत ११ लाख डॉलरच्या जाहिराती झळकल्या, देशभरातल्या दहा हजारांहून अधिक वर्तमानपत्रांत. औषधविक्रेते, विमा कंपन्या आणि इतर व्यावसायिकांना ‘याला जोडून तुमचीही जाहिरात द्या’ असं सुचवलं होतं. त्यांनी आपल्या खिशातून आणखी भर घातली. विम्याचे पुरस्कर्ते क्लॉड पेपर त्याच वर्षी फ्लोरिडातून सिनेटची उमेदवारी हरले. त्यांच्याविरुद्ध डॉक्टर उघडपणे उतरले होते.

ट्रुमन यांना हे सगळं झोंबलं. आजाऱ्याला मदत करणं हे अमेरिकेच्या विरोधात कसं, मला तर तो साधा ख्रिस्ती धर्म वाटत होता, असं ते १९५२ मध्ये म्हणाले. वाक्य चांगलं आहे, प्रामाणिक आहे. पण बघा, ते समोरच्यांनी घालून दिलेल्या प्रश्नाचं उत्तर देतायत. योजना अमेरिकन आहे की नाही, हा त्यांचा विषयच नव्हता. त्यांचा विषय होता बिल.

श्रेय कुणाचं

इथे सावध राहायला हवं. राजकीय सल्लागार आपल्या विजयांची यादी घेऊन फिरतात. हे दोघंही फिरत. पंचाहत्तरपैकी सत्तर मोहिमा जिंकल्याचं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. पण जिंकणारी बाजू बघून काम घ्यायचं कौशल्यही त्यात असू शकतं, आणि त्याला लोकमत घडवणं म्हणत नाहीत.

ट्रुमन यांचा विमा बारगळायला इतर कारणं भरपूर होती. काँग्रेसमध्ये दक्षिणेतले डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन मिळून त्यांची कुठलीही मोठी सामाजिक योजना अडवू शकत होते. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली, चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला. वातावरण पत्रकाशिवायही तापलेलंच होतं. युद्धकाळात पगारवाढीवर बंधनं असताना मालकांनी कामगारांना आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली होती, आणि युद्धानंतर कामगार संघटना तोच वाटाघाटीत मागू लागल्या. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निम्म्याहून अधिक अमेरिकनांकडे इस्पितळाच्या खर्चाचा खासगी विमा होता. सरकारी विम्यासाठी जो संघटित वर्ग भांडला असता, त्याच्या हातात आधीच पॉलिसी होती.

मग या दोघांनी केलं काय? माझा अंदाज असा, की वारा त्यांनी निर्माण केला नाही, तो वाहत असताना शीड कुठे बांधायचं ते त्यांना कळलं. ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणून त्यांनी जो ऐच्छिक विमा पुढे केला, तोच मालक आणि कामगार दोघांच्या सोयीचा निघाला. पत्रकं नुसती लेनिनवर चालली असती तर दोन वर्षांत जुनी झाली असती. पर्याय टिकला. आज ‘नॅरेटिव्ह’ या शब्दाचा जो बोलबाला आहे त्यात हे निसटतं. सगळे भीती पेरण्याबद्दल बोलतात. पण भ्यायलेल्या माणसाला जायला जागा ठेवणं हे या जोडप्याच्या कामातलं खरं अवघड काम होतं, आणि तिथे त्यांनी खोटं बोलायची गरज पडू दिली नाही.

सामान्य माणसाला शिकायचं नसतं, त्याला एक तर लढाई दाखवा नाही तर तमाशा, असं व्हिटेकर जाहीर भाषणात सांगत असे. या वाक्याची पुढे फार चर्चा झाली. मला ते जरा बढाईचं वाटतं. दवाखान्यातलं ते पोस्टर ना लढाई आहे ना तमाशा. शांत आहे, जवळजवळ प्रार्थनेसारखं.

दुसरी बाजू शिकली

डॉक्टरांच्या संघटनेने पद्धत सोडली नाही. १९६१ मध्ये तिने डॉक्टरांच्या बायकांना शेजारणींना कॉफीला बोलवायला लावलं. कॉफी ओतून झाली की ग्रामोफोनवर तबकडी लावायची, सरकारी वैद्यकाचा धोका सांगणारी. आवाज अभिनेते रोनाल्ड रेगन यांचा. पुन्हा दुसऱ्याचं तोंड, आणि यावेळी दुसऱ्याचा दिवाणखाना.

पण योजनेच्या पुरस्कर्त्यांनी दरम्यान आपला दुसरा आराखडा लिहिला होता. त्यांनी सगळ्यांचा विमा मागणं सोडलं आणि फक्त ६५ वर्षांपुढच्यांसाठी मागितला. म्हाताऱ्यांना खासगी कंपन्या विमा द्यायला नाखूश होत्या, त्यामुळे ‘त्याऐवजी हे घ्या’ म्हणायला समोर फारसं काही उरलं नाही. योजना त्यांनी सोशल सिक्युरिटीला, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या योजनेला, जोडली, जी तीस वर्षं लोकांच्या ओळखीची होती आणि जिला कुणी कम्युनिस्ट म्हणत नव्हतं. प्रश्नही त्यांचाच झाला: आईच्या इस्पितळाचं बिल कोण भरणार? घरातल्या कमावत्या मुलाला हा प्रश्न पगाराच्या दिवशी पडत होता, त्यासाठी चित्र लावावं लागलं नाही.

३० जुलै १९६५ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मेडिकेअर, म्हणजे वृद्धांच्या या विम्याच्या, कायद्यावर सही करायला वॉशिंग्टन सोडून मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी, ट्रुमन यांच्या ग्रंथालयात गेले. ट्रुमन तेव्हा ८१ वर्षांचे होते. मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांना देण्यात आलं, दुसरं त्यांच्या पत्नीला.